केसपेपरवर न मावणारी माहिती
न्यूरोडायव्हर्जंट मुले, त्यांचे पालक आणि आपला दवाखाना



शालेय आरोग्य तपासणीचा दिवस आठवा. सकाळी पथकाची गाडी येते, व्हरांड्यात टेबल लागते, वजनकाटा ठेवला जातो, भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता टांगतात. वर्गावर्गाने रांगा. गोंधळ, हसणे, शिट्टी.

अशाच एका तपासणीच्या दिवशी माझ्या तिसरीच्या वर्गातला एक मुलगा कानांवर हात ठेवून पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसला. काही केल्या रांगेत येईना. डॉक्टर मॅडमनी विचारले, "हा नेहमी असाच असतो का?" मी पटकन म्हणालो, "हो मॅडम, असाच आहे तो." त्याच्या नावापुढे वजन-उंची कशीबशी लिहिली गेली, तोंड तपासायचे राहूनच गेले. पथक पुढच्या शाळेला गेले.

संध्याकाळी त्याची आई न्यायला आली. तिला हे सांगितले तर ती म्हणाली, "सर, त्याला आधी काटा दाखवायचा, हात लावू द्यायचा, मग तो स्वतःच उभा राहतो. आणि मी आज यायलाच पाहिजे होतं बघा. चार दिवस झाले, तो डाव्या बाजूनं खातच नाहीये." पुढे दाढ किडल्याचे निघाले. म्हणजे त्या दिवशी तो 'असाच' नव्हता. त्याला दुखत होते. ही गोष्ट माहीत असलेली एकमेव व्यक्ती शाळेपासून अर्ध्या किलोमीटरवर घरी होती, आणि तिला बोलवायचे मला सुचले नव्हते. चूक पथकाची नव्हती, माझी होती.

आजचा पाठ या चुकीबद्दल आहे. आपली आरोग्यसेवा सुधारायची तर डॉक्टर, औषधे, इमारत हे सगळे हवेच. पण न्यूरोडायव्हर्जंट मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लागते: त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना जे ठाऊक आहे, ते दवाखान्यापर्यंत पोहोचणे. हे काम आपण शिक्षक फार चांगले करू शकतो.

आधी शब्द समजून घेऊ

न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या पद्धतीने माहिती घेतो, शिकतो, लक्ष देतो, आवाज-प्रकाश-स्पर्श झेलतो. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, अध्ययन अक्षमता, लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता म्हणजे एडीएचडी, हे सगळे यात येते. बौद्धिक अक्षमताही बरेच जण यात धरतात. हा आजार नव्हे, की गोळी घेतली आणि बरा झाला. पण अशा मुलांनाही ताप येतो, कान फुटतो, दात किडतात, फीट येते. ऑटिझम असलेल्या मुलांत फीट येण्याचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते. म्हणजे दवाखान्याची गरज यांना कमी नाही, उलट जास्तच.

"आमच्या शाळेत अशी मुलं नाहीत," असे आपण सहज म्हणतो. देशातील पाच ठिकाणी 2 ते 9 वर्षांच्या 3,964 मुलांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पाचांतले एक ठिकाण आपल्या शेजारचे उत्तर गोवा होते. ऐकू कमी येणे, दृष्टिदोष, फीट, सेरेब्रल पाल्सी, वाचादोष, ऑटिझम, अतिचंचलता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता अशा नऊ अडचणी त्यांनी पाहिल्या. 6 ते 9 वयोगटात यांपैकी किमान एक अडचण असलेल्या मुलांचे एकत्रित प्रमाण 13.6 टक्के निघाले. तीस पटाच्या वर्गात हिशेब केला तर साधारण चार मुले. मुले आहेत, आपल्याला दिसत नाहीत इतकेच.

दवाखान्यात नेमके काय अडते?

तीन गोष्टी अडतात.

पहिली, थांबणे. केसपेपरची रांग, बाकावरची गर्दी, रडणारी बाळे, वर फिरणारा पंखा, फिनेलचा वास. आपल्याला हे जाणवतही नाही. काही मुलांना मात्र हे सगळे एकाच वेळी अंगावर आल्यासारखे होते. नंबर येईपर्यंत मूल ओरडायला लागते, लोक वळून बघतात, "जरा आवरा की त्याला" म्हणतात, आणि आई मुलाला उचलून घरी निघून जाते. तपासणी होतच नाही.

दुसरी, दुखणे सांगणे. "कुठं दुखतंय?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मूल शब्दांत देत नाही. कुणी डोके आपटते, कुणी जेवण सोडते, कुणी एकदम शांत होते. घरच्यांना हा बदल लगेच कळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांत धोक्याची. नवीन लक्षण दिसले तरी ते त्या मुलाच्या 'वेगळेपणा'च्या खात्यावर टाकले जाते. दात दुखतोय म्हणून मूल गालावर मारून घेते, आणि आपण म्हणतो, "ऑटिझम आहे ना, असं करतात ही मुलं." माझ्या तोंडून निघालेले "असाच आहे तो" हे वाक्य याच जातीचे.

या तिन्ही अडचणींवर बरेचदा औषध लागत नाही, माहिती लागते. ही माहिती फुकट असते, घरी असते, आणि केसपेपरवर तिच्यासाठी रकाना नसतो.

शिरूर-दौंडचे अंतर

शहरातल्या पालकाला एक फेरी वाया गेली तर अर्धा दिवस जातो. आपल्याकडचे गणित वेगळे आहे. शिरूर तालुका नगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठाने पसरलेला. दौंड तालुका भीमाकाठी, सोलापूर रस्ता आणि रेल्वेच्या आधाराने. साध्या आजारासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आहे. पण बालविकासतज्ज्ञ, वाचा उपचार, मानसशास्त्रीय चाचण्या म्हटले की बहुतेकांची नजर पुण्याकडे जाते. न्हावऱ्याच्या पुढच्या वाडीवरून किंवा कुरकुंभच्या बाजूने निघालेल्या आईचा त्यात पूर्ण दिवस जातो. एक दिवसाची मजुरी, एसटीचे नाहीतर गाडीचे भाडे, घरी दुसऱ्या लेकराची सोय. ऊसतोडीच्या हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात आलेल्या कुटुंबांचे तर विचारूच नका. त्यांच्या मुलांची आधीची कागदपत्रे गावाकडे आणि मूल इथे, कोपीत.

एवढे करून पोहोचल्यावर मूल तपासणीच करू देत नसेल, तर ती आई दुसऱ्यांदा येईल का? म्हणून पहिली भेट यशस्वी होणे आपल्याकडे जास्त मोलाचे आहे.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मंजूर झाला आणि एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. ऑटिझम, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता त्यात आहेत. अतिचंचलतेचे नाव स्वतंत्रपणे त्या यादीत नाही, हे लक्षात ठेवा. त्यामुळे त्या पालकांची ओढाताण जास्त होते.

याच कायद्याचे कलम 25 आरोग्याबद्दल आहे. सरकारी आणि खाजगी दवाखान्यांत अडथळ्यांशिवाय वावर, आणि तपासणी-उपचारात दिव्यांग व्यक्तीला अग्रक्रम, हे त्यात लिहिले आहे. वर्षातून किमान एकदा सर्व मुलांची तपासणी व्हावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, हेही आहे. म्हणजे "सिस्टर, याला जरा आधी घेता का?" ही विनवणी नाही, तो हक्क आहे. मात्र हक्क आहे म्हणून भांडत जायची गरज नाही. शांतपणे सांगितले तर बहुतेक ठिकाणी ऐकतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तर आपल्याच राज्यातून, पालघरमधून, 6 फेब्रुवारी 2013 रोजी सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येते. पथक तपासत असलेल्या गोष्टींत विकासातील उशीर, ऑटिझमची लक्षणे, अध्ययन अक्षमता, अतिचंचलता हेही येते. संशय आला तर जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवतात. म्हणजे पुण्याला जाणाऱ्या वाटेचे पहिले दार आपल्या व्हरांड्यात उघडते. त्या दिवशी पालक हजर हवेत, एवढीच आपली भर.

खुर्चीवर कोण बसते?

आता जरा पुढचा विचार करू. एका मुलाची एक भेट सुधारली, छान झाले. पण दवाखानाच सुधारायचा असेल तर निर्णय होतात त्या ठिकाणी हे पालक हवेत.

शाळेत ही गोष्ट आपण स्वीकारली आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, आणि वंचित गटातील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यायची असते. 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलेही त्या वंचित गटात आली. सुरुवातीला आपल्यालाही वाटले होते, पालकांना शाळेतले काय कळणार? आज पाण्याच्या टाकीपासून संरक्षक भिंतीपर्यंत किती कामे पालकांच्या रेट्याने झाली ते आठवा.

दवाखान्यालाही अशा समित्या आहेत. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. आरोग्यसेवेवर लोकांनी देखरेख करायची हा प्रयोगही आपल्याला नवा नाही. 2007 मध्ये महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीची सुरुवात ज्या पाच जिल्ह्यांत झाली, त्यांत पुणे जिल्हा होता. बाकीचे चार म्हणजे अमरावती, नंदुरबार, ठाणे आणि तेव्हाचा उस्मानाबाद. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्यभर समन्वय केला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला लाल, पिवळा, हिरवा असे रंग देऊन प्रगतिपुस्तक बनवले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. शिक्षक मुलांचे प्रगतिपुस्तक बनवतात तसेच.

आता आपण विचारायचा प्रश्न साधा आहे. त्या प्रगतिपुस्तकात "वेगळ्या गरजांच्या मुलाला थांबायला शांत जागा आहे का?" ही ओळ कोण लिहील? ज्याने ते मूल कडेवर घेऊन दोन तास काढले आहेत, तोच.

पालकांना अशी जागा देण्याची सोय कायद्यात पूर्वीपासून आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी 1999 च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याच्या मंडळावर पालक संघटना आणि दिव्यांग व्यक्तींच्या संघटना या दोघांनाही जागा आहेत. दिल्लीत जे चालते ते शिरूरला आणि दौंडला का चालू नये?

दोन उदाहरणे, एक जवळचे, एक लांबचे

गोव्यात 'संगाथ' या संस्थेने ऑटिझम असलेल्या लहान मुलांसाठी एक पद्धत आजमावली. पाकिस्तानातील रावळपिंडीतही त्याच वेळी हेच काम झाले. तज्ज्ञ कमी होते, म्हणून तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. ते पालकांना मुलासोबत खेळताना चित्रित करत, मग ते चित्रण पालकांसोबत बसून पाहत. "बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात, म्हणून तो बोलला." दोन्हीकडची मिळून 65 मुले या चाचणीत होती, निष्कर्ष 2016 मध्ये आले. सगळ्याच मोजमापांत सुधारणा झाली असे नाही. पण पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले स्वतःहून संवाद जास्त सुरू करू लागली. इथे पालक उपचाराच्या बाहेर बाकावर बसलेले नव्हते, उपचार त्यांच्याच हातून होत होता.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे, आणि ते दुःखाचे आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा 18 वर्षांचा मुलगा, ऑटिझम आणि फीट असलेला. एका विशिष्ट प्रकारची औषधे आपल्याला सोसत नाहीत, असे त्याने आणि आई-वडिलांनी सांगितले होते. तरीही तशा प्रकारचे औषध दिले गेले, आणि नोव्हेंबर 2016 मध्ये तो गेला. त्याची आई पॉला मॅकगोवन गप्प बसली नाही. तिच्या पाठपुराव्यामुळे 2022 च्या कायद्याने तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमतेचे प्रशिक्षण बंधनकारक झाले. त्या प्रशिक्षणाला ऑलिव्हरचे नाव आहे. विशेष म्हणजे ते देण्यात ऑटिझम असलेल्या व्यक्ती स्वतः भाग घेतात. घरच्यांचे ऐकले नाही तर काय होते आणि ऐकले तर काय घडू शकते, दोन्ही या एकाच गोष्टीत आहे.

आपण काय करायचे? 'माझी ओळख' पान

सगळ्यांत आधी एक पान बनवा. साधा वहीचा कागद चालेल. एका बाजूलाच लिहा, म्हणजे डॉक्टरांना मिनिटभरात वाचता येईल. पालक सांगतील, तुम्ही लिहा. मूल मोठे असेल तर त्यालाच विचारा.

1. मला काय म्हणून हाक मारावी?
2. मी कसा बोलतो? शब्दांत, खुणेने, चित्र दाखवून?
3. मला दुखले की मी काय करतो?
4. मला कशाचा त्रास होतो? (मोठा आवाज, अचानक स्पर्श, पांढरा उजेड)
5. मला काय शांत करते? (आईचा हात, गाडीचे चाक, मोजणे)
6. तपासणीच्या आधी काय करावे? (उपकरण आधी दाखवा, दहापर्यंत मोजा, मग सुई)
7. चालू औषधे, आणि न सोसणारी औषधे.
8. माझ्याबद्दल कुणाला विचारावे?

सातवा मुद्दा लाल पेनाने लिहा. पानाच्या दोन प्रती करा, एक आईच्या पिशवीत आणि एक केसपेपरला टाचायला.

याशिवाय वर्षभरात पाच कामे जमतील तेवढी करा.

पहिले, आरोग्य पथकाची तारीख कळताच या मुलांच्या पालकांना निरोप द्या. त्यांची तपासणी सगळ्यांत आधी किंवा सगळ्यांत शेवटी, शांत वर्गात ठेवायची विनंती पथकाला करा.

दुसरे, आदल्या दिवशी वर्गात 'दवाखाना-दवाखाना' खेळा. वजनकाटा, टॉर्च, कापूस मुलांना हाताळू द्या. सगळ्याच वर्गाला घ्या, म्हणजे एकट्यावर बोट राहत नाही.

तिसरे, गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना पालकसभेला बोलवा. दिव्यांग प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड आणि राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' योजना यांची माहिती द्या. निरामयमध्ये त्या चार प्रकारच्या दिव्यांगत्वासाठी वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, थेरपीचा काही खर्चही त्यात येतो.

चौथे, दोन-तीन गावांतल्या पालकांची एकमेकांशी गाठ घालून द्या. एकटी आई बोलायला कचरते, चौघी मिळून रुग्णालयात गेल्या की म्हणणे ऐकले जाते.

पाचवे, ग्रामसभेत किंवा आरोग्य समितीत एकच मागणी मांडा. दहा मागण्या कागदावरच राहतात. "आठवड्यातला एक ठरावीक तास आमच्या मुलांसाठी गर्दीविना" एवढीसुद्धा पुरे. तीन महिन्यांनी विचारायला परत जा.

काही पथ्ये

शिक्षकाने निदान करू नये. "तुमच्या मुलाला ऑटिझम आहे" हे वाक्य आपले नाही. "मला वर्गात असं असं दिसलं, तुम्हाला घरी काय दिसतं?" हे आपले. 'माझी ओळख' पान मुलाचे आणि पालकांचे आहे. त्यांना विचारल्याशिवाय ते कुणाला दाखवायचे नाही, पालकांच्या गटावर तर मुळीच टाकायचे नाही. आणि पालक म्हणजेच मूल नव्हे, हेही विसरू नका. नववी-दहावीतल्या मुलाला आईसमोर सांगायचे नसेल असेही काही असते. त्याला वेगळे विचारा, त्याच्या पद्धतीने उत्तर देऊ द्या.

पालकहो, तुम्हालाही एक सांगणे. "मला काय कळतंय, मी अडाणी" असे दवाखान्यात म्हणू नका. डॉक्टरांना रोग कळतो, तुम्हाला तुमचे लेकरू कळते. तपासणी नीट व्हायला दोन्ही लागते.

त्या तिसरीतल्या मुलाच्या पुढच्या तपासणीला त्याची आई हजर होती. आम्ही रिकाम्या वर्गात काटा नेला. त्याने तो आधी हाताने दाबून पाहिला, आकडा हलतो म्हणून हसला, मग स्वतः वर उभा राहिला. मॅडमनी आईला विचारले, "ताई, हल्ली काही वेगळं जाणवतंय का?" आई बोलत होती आणि मॅडम लिहून घेत होत्या. एवढ्याला पाच मिनिटे लागली असतील.

तुमच्या शाळेत पथक कधी येणार आहे? तारीख विचारून ठेवा, आणि आजच एका आईला निरोप द्या.